मागच्याला कोण सांगणार?

भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या मळीचा वास आला, की हा चालक समोरच्या आधी आरशात बघतो. बारामतीहून इंदापूरकडं निघालं की काटेवाडी सोडल्यावर वास आधी येतो, धुराडं नंतर दिसतं. काचा वर असोत, एसी चालू असो, गळिताच्या हंगामात तो गाडीत शिरतोच. इथून पुढं सणसर, बेलवाडी, लासुर्णे असं जाताना रस्त्यावर ऊस असणार. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर असणार, बैलगाड्या असणार, दुभाजकाच्या फटीतून उलट्या बाजूनं येणाऱ्या दुचाक्या असणार. आणि यातल्या कशाला तरी बघून गाडी आपण होऊन ब्रेक मारणार, हे त्यानं आता गृहीत धरलं आहे.

गाडी बारामतीतल्या एका व्यापाऱ्याची. पुढच्या पट्टीत रडार, आरशामागं कॅमेरा, पुढं काही आलं तर स्वतः थांबणारी. चालकानं त्याआधी 25 वर्षं दुधाचा टँकर चालवला. टँकरमध्ये दूध हिंदकळतं म्हणून ब्रेक कसा हळू, टप्प्याटप्प्यानं दाबायचा, हे त्याच्या पायात मुरलेलं आहे. करकचून ब्रेक मारणं त्याला कमीपणाचं वाटतं. आणि आता तेच काम गाडी त्याच्या पायाला न विचारता करते.

ज्या प्रसंगासाठी त्याला गाठलं, तो सणसरच्या अलीकडं घडला होता. संध्याकाळची वेळ, गाडी बारामतीकडं परतत होती, सूर्य समोर. डाव्या कडेला उसाची ट्रॉली टायर फुटून उभी. चाकांना दगड लावलेले, मोळ्यांची वाढी बाहेर लोंबत रस्त्यावर आलेली. चालकानं ती लांबूनच पाहिली आणि गाडी उजवीकडं घ्यायला सुरुवात केली. "मी निघालोच होतो बाजूनं. साठला होतो. एवढ्यात डॅशबोर्डवर लाल, टीं टीं, आन् गाडीनं गच्चकन दाबला की ब्रेक. मी रेस देतोय आन् ती दाबतीय."

मागं दुचाकीवर एक दूधवाला होता, दोन्ही बाजूंना कॅन. तो डावीकडून, ट्रॉली आणि गाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून निघाला. एक कॅन सुटून रस्त्यावर सांडला. दूधवाला पडला नाही. पुढं जाऊन थांबला, मागं आला आणि भांडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "काय आडवं आलं व्हतं?"

याचं उत्तर चालकाजवळ नव्हतं. सांडलेल्या दुधाचे पैसे त्यानं दिले. पण बोलताना तो पुन:पुन्हा त्या प्रश्नावरच येतो. टँकरच्या 25 वर्षांत ब्रेक मारल्यावर त्याला कारण सांगता आलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

वर्कशॉपमध्ये गाडी नेली. संगणक जोडला, रडार पुसलं, कॅमेऱ्याचा कोन तपासला आणि जॉब कार्डावर 'दोष आढळला नाही' असं लिहून परत दिली. तिथल्या एका तरुण मेकॅनिकनं जाता जाता एक आकडा सांगितला, तो मात्र चालकानं धरून ठेवला आहे: साठच्या वेगाला गाडी सेकंदात 17 मीटर जाते.

दोष आढळला नाही, हे खरंच असू शकतं. रडार 77 गिगाहर्ट्झच्या आसपास लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरींवरून अंतर आणि वेग फार अचूक काढतं. वस्तू किती उंचीवर आहे, तिचा आकार कसा आहे, हे त्याला तितकं नीट उमगत नाही. रस्त्यावरची लोखंडी प्लेट, डोक्यावरची कमान, वळणावरचा कठडा यांच्याकडूनही जोरदार लहरी परततात. आकार ओळखायचं काम कॅमेऱ्याचं. पण कॅमेऱ्यामागचा संगणक ओळखतो ते शिकवलेल्या चित्रांच्या जोरावर. मोटारीची पाठ, ट्रकची पाठ, माणूस, सायकल. उसाच्या ट्रॉलीला पाठ अशी नसतेच. मागून दिसतो तो पाचटाचा, वाढ्यांचा हलता ढीग, ट्रॉलीच्या चौकटीपेक्षा दोन्हीकडं रुंद, आणि संध्याकाळी समोरून येणाऱ्या उन्हात कडाही न दिसणारा. त्यात गाडी पुढं कुठून जाणार, याचा अंदाज संगणक त्या क्षणीच्या स्टेअरिंगवरून बांधतो. चालकाच्या मनात बाजूनं निघायचं ठरलेलं असतं, पण ते मनातलं असतं. मशीनच्या हिशेबात धडकेला उरलेले सेकंद कमी होत जातात, ठरलेली मर्यादा ओलांडली की आधी आवाज, मग ब्रेक.

भारतीय रस्त्यांची चित्रं शिकवायचा प्रयत्न झालेला नाही असं नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं इंटेलच्या मदतीनं 2018 मध्ये 'इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट' काढला. सुमारे 10 हजार चित्रं, 34 प्रकारांत खुणा केलेली; त्यात रिक्षा आहे, जनावरंही आहेत. चित्रं मुख्यतः बंगळूर, हैदराबाद आणि त्यांच्या आसपासची. सणसरचा डिसेंबरातला रस्ता ज्यानं पाहिला आहे, त्याला तिथलं काय काय त्यात सापडणार नाही, याची यादी लगेच करता येईल.

हा त्रास एकट्या सणसरचा नाही. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेनं फेब्रुवारी 2022 मध्ये टेस्लाच्या सुमारे 4 लाख 16 हजार गाड्यांची चौकशी सुरू केली. नऊ महिन्यांत 354 तक्रारी आल्या होत्या, की हमरस्त्यावर गाडी विनाकारण ब्रेक मारते. त्याच महिन्यात होंडाच्या अकॉर्ड आणि सीआर-व्ही या गाड्यांबद्दल 278 तक्रारींवरून दुसरी चौकशी सुरू झाली, 2024 मध्ये तिची व्याप्ती जवळपास 30 लाख गाड्यांपर्यंत गेली. टेस्ला 2021 मध्ये त्या गाड्यांतून रडार काढून फक्त कॅमेऱ्यावर आली होती. होंडामध्ये रडार आणि कॅमेरा दोन्ही. उपकरणं निराळी, गाऱ्हाणं एकच.

नोव्हेंबर 2022 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा चालू असलेली एक टेस्ला लेन बदलून अचानक मंदावली. तिच्यासह आठ वाहनं एकमेकांवर आदळली, नऊ जण जखमी झाले. यातले बहुतेक जण त्या गाडीत नव्हते, तिच्या मागं होते.

चालक आरशात बघतो तो याचसाठी. बारामती ते इंदापूर या रस्त्यावर, म्हणजे संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या मार्गावर, राष्ट्रीय महामार्ग 965जी वर, त्याच्याबरोबर बसून जाताना हे दिसतं. नजर पुढं जितकी, तितकीच मागं. भवानीनगरच्या वासापाशी तो वेग पन्नासवर आणतो. मागं दुचाकी फार चिकटली, तर ब्रेकच्या पेडलला हलका पाय लावून मागचा दिवा दोनदा लुकलुकवतो, म्हणजे तो अंतर ठेवील. मोकळ्या जागी हात बाहेर काढून पुढं जायला सांगतो. त्या प्रवासात गाडीनं एकदाच ब्रेक मारला, बेलवाडीच्या अलीकडं, उलट दिशेनं कडेकडेनं येणाऱ्या मोपेडला बघून. जेमतेम अर्धा सेकंद. मागं कुणी नव्हतं. तरी त्याचा हात गिअरवरून उठून स्टेअरिंगवर आला आणि पुढचे दोन-तीन किलोमीटर तिथंच राहिला.

"बंद का नाही करत?" असं विचारल्यावर त्यानं पडद्यावर बटण दाखवलं. बंद करता येतं. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की तेही आपोआप चालू. पण त्यानं बंद न करण्याचं कारण वेगळंच निघालं. मागच्या हंगामात रात्री लासुर्ण्याजवळ एक ट्रॉली रस्त्यात उभी होती. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर पाचटाखाली झाकलेला, समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर. "मला ती दिसलीच नव्हती. गाडीला दिसली." हे सांगताना त्याचा आवाज जरा खाली आला. सेकंदाला 17 मीटर, असं तो पुन्हा म्हणाला.

त्यामुळं ही यंत्रणाच वाईट, ती काढून टाका, असं म्हणणं अन्यायाचं होईल. समोरच्या वाहनाला मागून धडकण्याचे अपघात अशा ब्रेकमुळं निम्म्यानं कमी होतात, असं अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेनं प्रत्यक्ष अपघातांवरून दाखवलं आहे. भारतात 2022 या एका वर्षात 1 लाख 68 हजार 491 माणसं रस्त्यांवर गेली. पण हिशेब मांडताना पुढं वाचलेले मोजायचे आणि मागं सापडलेल्यांना नशिबावर सोडायचं, हे मान्य होण्यासारखं नाही. अमेरिकेनं 2024 मध्ये केलेल्या नियमानुसार सप्टेंबर 2029 पासून नव्या मोटारींना हा ब्रेक सक्तीचा आहे. त्यात विनाकारण ब्रेक लागू नये म्हणूनही दोन चाचण्या आहेत: रस्त्यावर टाकलेल्या पोलादी प्लेटवरून जाताना आणि उभ्या दोन गाड्यांच्या मधून जाताना. चांगल्या चाचण्या आहेत. पण दोन्ही पुढं काय आहे तेवढंच बघतात. मागं दोन कॅन लावलेली दुचाकी 15 मीटरवर आहे, असं कुठल्याच चाचणीत मांडलेलं नाही.

आपल्याकडं या गोष्टी ठरतात त्या जागा सणसरपासून फार लांब नाहीत. रडार-कॅमेऱ्याची सोय मध्यमवर्गाच्या नजरेत आणणारी महिंद्राची एक्सयूव्ही 700 ही 2021 मध्ये चाकणला बनू लागली. वाहनांची मानकं तयार करणाऱ्या समितीचं काम पुण्याच्या कोथरूडमधल्या एआरएआयमधून चालतं. केंद्रीय मंत्रालयानं मार्च 2025 मध्ये बस आणि मालट्रकना आपोआप ब्रेक सक्तीचा करणारा मसुदा काढला. नव्या मॉडेलना एप्रिल 2026, आधीपासून बनणाऱ्यांना ऑक्टोबर 2026 अशा तारखा त्यात होत्या. चाकणहून ट्रॉली बघायला सणसरला यायचं तर हंगामातला एक दिवस पुरतो. चाचणीच्या ट्रॅकवर उसाची भरलेली ट्रॉली उभी करायला कुठल्या परदेशी तंत्रज्ञानाची गरज नाही.

अचानक मारलेल्या ब्रेकची जबाबदारी कुणाची, यावर सर्वोच्च न्यायालयानं 29 जुलै 2025 ला एक निकाल दिला. 2017 मध्ये कोइमतूरला हमरस्त्यावर एका मोटारीनं एकदम ब्रेक मारला, मागचा दुचाकीवरचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी तिच्यावर आदळून पडला, मागून आलेल्या बसखाली त्याचा डावा पाय गेला. मोटारचालकाचं म्हणणं होतं की गरोदर पत्नीला मळमळू लागलं म्हणून थांबलो. न्यायालयानं हे कारण धरलं नाही. इशारा न देता हमरस्त्यावर थांबणं हा निष्काळजीपणा, असं म्हणून मोटारीवर 50 टक्के, बसवर 30 टक्के आणि अंतर न ठेवल्याबद्दल विद्यार्थ्यावर 20 टक्के दोष टाकला. त्या चालकाजवळ निदान सांगायला कारण होतं. सणसरच्या चालकाला दूधवाल्यापुढं तेही नव्हतं. उद्या असा खटला उभा राहिला तर 50 टक्के कुणाचे? गाडीबरोबरची पुस्तिका जबाबदारी चालकावर टाकून मोकळी होते.

कारखान्याच्या गाडीतळावर ट्रॅक्टर रांगेत होते. काट्याची वाट बघत चालक मंडळी चाकांच्या सावलीत बसली होती. मळीचा वास इथं इतका दाट, की थोड्या वेळानं जाणवेनासा होतो. त्यातल्या एकाला, डबल ट्रॉलीवाल्याला, पुढची मोटार कारण नसताना थांबली तर काय होईल, असं विचारलं. तो आधी हसला, मग हात पुसत नीट सांगू लागला. मागच्या दोन्ही ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. जोरात दाबला तर ट्रॉल्या मागून रेटतात, ट्रॅक्टर आडवा होतो; म्हणून दाबायचाच नाही, आधीपासून सोडत आणायचं. आपोआप ब्रेक मारणाऱ्या गाड्या आता या रस्त्यावर आहेत, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. ब्रेक लागला की मागचा लाल दिवा लागतो, गाडीनं मारला तरी लागतो, असं सांगितल्यावर त्यानं मान हलवली. "दिवा लागस्तोवर आमचं हुकलेलं असतंय."

मग त्यानं विचारलं, "शिकाऊ गाडीला मागं लाल 'एल' लावत्यात ना? मग ह्या गाडीला मागं काय लावलंय?"