छावणी सोपी झाली की खरी झाली?

लष्करी अकादमीच्या उन्हाळी मैदानी प्रशिक्षणात कुठलाही बदल झाला, की पहिला आक्षेप ठरलेला असतो: आता सगळे सोपे करून टाकले. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट अकादमीत ही तक्रार गेली शंभर वर्षे होत आली आहे, म्हणून ती तपासून पाहायला तिथला इतिहासच सोयीचा आहे. तो वाचला तर चित्र उलटे दिसते. ज्या बदलांवर जुन्या पदवीधरांचा सर्वाधिक रोष झाला, त्यांतल्या मोठ्या बदलांनी छावणी युद्धाच्या अधिक जवळ नेली. आणि ज्या परंपरा जपण्यासाठी एवढा आटापिटा झाला, त्यांतल्या काहींचा युद्धाशी फारसा संबंधच नव्हता. प्रशिक्षण कठीण असलेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण ते कशासाठी कठीण ठेवायचे हे ठरल्याशिवाय कठीणपणाची मोजदाद करता येत नाही, आणि हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

डग्लस मॅकआर्थर १९१९ मध्ये वेस्ट पॉइंटचे प्रमुख झाले, तेव्हा ते फ्रान्सच्या खंदकांतून नुकतेच परतले होते. अकादमीत त्यांना दिसली ती एकोणिसाव्या शतकातली उन्हाळी छावणी. हडसन नदीच्या काठच्या मैदानात, फोर्ट क्लिंटनजवळ तंबूंच्या रांगा लागत. कॅडेट कवायत करत, पहारे देत, पाहुण्यांसमोर संचलन करत आणि संध्याकाळी नृत्याचे कार्यक्रम होत. तोफखान्याच्या भडिमारात माणसे कशी वागतात हे पाहून आलेल्या सेनानीला हा प्रकार निरर्थक वाटावा यात नवल नाही. त्यांनी ती छावणी बंद केली आणि कॅडेटना न्यू जर्सीतल्या कॅम्प डिक्सला पाठवले. तिथे नियमित सैन्यातल्या अनुभवी सार्जंटांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण सुरू झाले. यामागचा विचार साधा होता. पुढची युद्धे सामान्य नागरिकांतून भरती झालेल्या प्रचंड सैन्याने लढायची होती, आणि त्या सैन्याचे नेतृत्व करणाऱ्याला खरा सैनिक कसा बोलतो, कशाने दमतो, कशाने चिडतो हे ठाऊक असायला हवे होते. अकादमीच्या जुन्या मंडळींना हे रुचले नाही. १९२२ मध्ये मॅकआर्थर गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या फ्रेड स्लेडन यांनी मैदानातली छावणी पुन्हा सुरू केली. ती कायमची उठली दुसऱ्या महायुद्धात. अकादमीच्याच जंगलात, डोंगर आणि तळ्यांच्या परिसरात नवी प्रशिक्षण छावणी उभी राहिली. जून १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत मारले गेलेले जनरल सायमन बकनर यांचे नाव पुढे तिला मिळाले. म्हणजे परंपरेच्या नावाखाली मोडीत काढलेली कल्पना वीस वर्षांनी युद्धानेच परत आणली.

तेव्हापासून छावणीचा अभ्यासक्रम सतत बदलत आला आहे, कारण सैन्यापुढची युद्धे बदलत गेली. कधी छुप्या युद्धासाठीच्या टेहळणीला महत्त्व आले, कधी रणगाड्यांची ओळख व्हावी म्हणून कॅडेटना केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला नेले गेले. इराक आणि अफगाणिस्तानच्या काळात वस्तीतली लढाई आणि रस्त्याकडेला पेरलेले स्फोटक यांना अभ्यासक्रमात जागा मिळाली. यातला एकही बदल कॅडेटचे कष्ट कमी करण्यासाठी झालेला नाही.

कष्टांविषयीचा एक जुना युक्तिवाद मात्र गांभीर्याने घ्यायला हवा: एकत्र सोसलेल्या यातनांतूनच सैनिकांचे नाते घट्ट होते, म्हणून नवख्यांना रगडणे आवश्यक आहे. एकत्र सोसण्याने माणसे जवळ येतात, हे खरेच आहे. परंतु वेस्ट पॉइंटच्या जुन्या उन्हाळी छावणीत वरिष्ठ कॅडेट नवख्यांना जे सोसायला लावत, त्यात एकत्र असे काही नव्हते; एक जण छळत असे आणि दुसरा छळला जात असे. एका माजी कॅडेटच्या मृत्यूनंतर १९०० च्या अखेरीस अमेरिकी संसदेने या छळाची चौकशी आरंभली. चौकशी समितीपुढे साक्ष दिलेल्यांत तरुण मॅकआर्थरही होते. १८९९ च्या उन्हाळ्यात त्यांना इतके बेदम दमवले गेले होते की त्यांच्या अंगाला झटके आले होते. हेच मॅकआर्थर प्रमुख झाल्यावर नवख्यांचे पहिले उन्हाळी प्रशिक्षण त्यांनी वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या हातून काढून अधिकाऱ्यांकडे सोपवले. त्यांना मऊपणाचे पुरस्कर्ते म्हणणे कोणालाही जमणार नाही.

आज सर्वांत मोठा वाद उन्हाचा आहे. हडसनच्या खोऱ्यातला उन्हाळा नुसता गरम नसतो, दमटही असतो. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्या माणसाचे शरीर आतून तापत जाते. केवळ तापमापीचा आकडा बघून हा धोका कळत नाही. म्हणून तापमान, दमटपणा, थेट ऊन आणि वारा या सगळ्यांचा एकत्रित अंदाज देणारे मोजमाप वापरले जाते. ते १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन दलाच्या पॅरिस आयलंड येथील भरती केंद्रासाठी तयार झाले, कारण तिथे उष्माघाताने जवान कोसळत होते. या मोजमापानुसार हिरवा, पिवळा, लाल आणि काळा असे झेंडे लागतात. ९० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे ३२ अंश सेल्सिअसला, काळा झेंडा चढतो आणि अत्यावश्यक नसलेले कष्टाचे काम थांबवले जाते. त्याखालच्या पायऱ्यांवर काम, विश्रांती आणि पाणी यांचे प्रमाण ठरलेले असते.

यावर आक्षेप असा, की शत्रू झेंडा बघून गोळी झाडत नाही. हा आक्षेप बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. उष्णतेची सवय शरीराला लागते ती दहा ते चौदा दिवसांत, मेहनत हळूहळू वाढवत नेल्याने. पहिल्याच दिवशी कोसळलेल्या कॅडेटला ती लागत नाही. उलट, एकदा उष्माघात झालेल्या माणसाला पुढेही उन्हात जपावे लागू शकते. शिवाय या कॅडेटचे भावी काम काय आहे, हे विसरून चालणार नाही. वीस-बावीस वर्षांचा हा तरुण उद्या लेफ्टनंट म्हणून तीस-चाळीस जणांची जबाबदारी घेणार आहे. कोणाची पावले अडखळू लागली, कोण असंबद्ध बोलू लागला, केव्हा थांबून त्याला बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरीत गुंडाळायचे आणि केव्हा कूच चालू ठेवायची, हा निर्णय त्याचा असेल. उष्माघातात पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड करता आले तर जीव वाचण्याची शक्यता फार मोठी असते. हे ज्ञान लष्करी कौशल्यच आहे, नेमबाजीइतकेच.

सुरक्षेचे नियम आले की दर्जा घसरतो, ही भीती तपासायला अमेरिकी सैन्याचे रेंजर स्कूल हे चांगले उदाहरण आहे. फेब्रुवारी १९९५ मध्ये फ्लोरिडाच्या दलदलीत थंड पाण्यात अडकून या शाळेचे चार प्रशिक्षणार्थी मरण पावले. त्यानंतर पाण्याची खोली आणि तापमान यांवरचे नियम आणि देखरेख कडक झाली. शाळेची ख्याती कमी झाली नाही. आजही तिथे दाखल होणाऱ्यांतले साधारण निम्मे अपयशी ठरतात. वेस्ट पॉइंटलाही धडा मिळाला आहे. जून २०१९ मध्ये उन्हाळी प्रशिक्षणाला निघालेला ट्रक उलटून एक कॅडेट ठार झाला आणि वीसहून अधिक जण जखमी झाले. अमेरिकी संसदेच्या लेखापाल कार्यालयाने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात २०१० ते २०१९ या दहा आर्थिक वर्षांत लष्कर आणि मरीन दलाच्या वाहनांचे लढाईबाहेरचे ३,७५३ अपघात आणि १२३ मृत्यू नोंदवले आहेत. चालकांचे अपुरे प्रशिक्षण आणि ढिली देखरेख यांवर त्यात बोट ठेवले आहे. या मृत्यूंनी कोणीही अधिक कणखर झाले नाही.

मुली आल्या तेव्हाही दर्जाचीच ओरड झाली. जुलै १९७६ मध्ये ११९ मुली वेस्ट पॉइंटमध्ये दाखल झाल्या आणि १९८० मध्ये त्यांतल्या ६२ पदवीधर झाल्या. सुरुवातीच्या काळात मुष्टियुद्धासारख्या काही गोष्टींतून त्यांना वगळले गेले. हे वगळणे चूकच होते, असे मला वाटते, कारण त्याने मुलींनाही कमी शिकवले आणि मुलांच्या मनातला संशयही कायम ठेवला. २०१६ पासून मुष्टियुद्ध मुलींनाही सक्तीचे झाले. २०१५ मध्ये रेंजर स्कूल उत्तीर्ण झालेल्या पहिल्या दोन्ही महिला अधिकारी वेस्ट पॉइंटच्याच होत्या. आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्यालाही हाच प्रवास सुरू झाला आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा आराखडा तयार करताना ज्या परदेशी अकादमींचा अभ्यास झाला, त्यांत वेस्ट पॉइंटही होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर पुढच्या वर्षी तिथे मुली दाखल झाल्या, आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या तुकडीतल्या १७ जणी बाहेर पडल्या. ग्रीनहॉर्न, रोव्हर आणि तोरणा ही तिथल्या शिबिरांची नावे सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या कानावरून गेलेली असतील. त्या शिबिरांत पुढे काही बदल झाले, तर त्यांचीही पारख कठीणपणा कशासाठी, याच कसोटीवर व्हावी.

छावणी सोपी होऊ शकते, यात शंका नाही. पण ती झेंड्यांनी किंवा मुलींच्या येण्याने होत नाही, वेळ कापल्याने होते. एके काळी दुसऱ्या वर्षात जाणारे कॅडेट बकनर छावणीत जवळपास दोन महिने राहत. आता हा काळ साधारण महिन्याभराचा आहे. त्याच उन्हाळ्यावर परदेश दौरे, संशोधनाची कामे आणि पॅराशूटसारखे खास अभ्यासक्रमही हक्क सांगतात. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी योग्य असली, तरी जंगलातल्या रात्रीची भरपाई त्यांतल्या कशानेच होत नाही. वरच्या वर्गाच्या प्रशिक्षणात कॅडेट पलटणीचा प्रमुख होतो. झोप झालेली नसते, नकाशा ओला झालेला असतो, आणि हल्ल्याचा बेत अर्ध्यावर असतानाच परीक्षक नेतृत्व दुसऱ्याकडे देतो. नव्या प्रमुखाला काही मिनिटांत परिस्थिती समजून घेऊन, थकलेल्या आणि वैतागलेल्या सोबत्यांना पुन्हा उभे करावे लागते. त्याचा निर्णय चुकतो, पहाटे त्यावर चर्चा होते, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा संधी मिळते. वेळ कापला की आधी जाते ती ही दुसरी रात्र. वेळापत्रकात तिची अनुपस्थिती कुठेच दिसत नाही, आणि जुन्या पदवीधरांनी आपला सारा आवाज खर्च करावा असा बदल आज कोणता असेल, तर तो हाच आहे.