खारपट्टींत जुनी जीप घेण्यापूर्वीं

द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्यापासून जासई-चिरनेरपर्यंतच्या आमच्या टापूंत हल्लीं एक प्रश्न घरोघरीं निघतो. जमिनीचा मोबदला हातीं आला, किंवा साडेबारा टक्के योजनेंतील भूखंडाचा व्यवहार झाला, म्हणजे मुलगा अगर पुतण्या म्हणूं लागतो, "एक जुनी फोर-बाय-फोर जीप घेऊं या, शेतावर उपयोगीं पडेल." नव्या थारच्या अगर जिम्नीच्या किंमती ऐकून थोरल्यांच्या छातींत धडकी भरते, तेव्हां जुनी गाडी पाहण्याकडे ओढा होतो. या पैशाची उधळपट्टी होऊं नये असें आम्हांस विशेष वाटतें, कारण त्याच हक्कासाठीं १९८४ च्या जानेवारींत जासईच्या परिसरांत पांच जणांनीं गोळीबारांत प्राण दिले.

आमची सारी नोकरी सातबारे तपासण्यांत व फेरफार लिहिण्यांत गेली. यंत्राचें शिक्षण आम्हांस नाहीं. तथापि गेल्या वर्षीं आमच्या भाच्यासाठीं, एका जाणत्या मिस्त्रीस बरोबर घेऊन, अशा पांच गाड्या पाहण्याचा योग आला. त्या फेरफटक्यांत जें दिसलें तें सभासदांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

पहिला विचार गरजेचा. खाजणांतील भातखाचरांत जीप चालेल अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं ती टाकून द्यावी. चारी चाकांस इंजिनाचा जोर मिळाला म्हणून चिखल गाडीचा भार सोसतो असें नाहीं. आमच्याकडील गाळास खालीं कठीण थर लवकर लागत नाहीं. एका शेजाऱ्याची जीप दोन पावसाळ्यांपूर्वीं उघाडीजवळ आंसापर्यंत रुतली. भरतीचें पाणी पाट्यांपर्यंत चढलें, आणि शेवटीं ट्रॅक्टर आणून साखळदंडानें ती ओढावी लागली. खाचरांत लोखंडी चिखलचाकांचा ट्रॅक्टरच खरा. शिवाय साध्या डिफरन्शिअलची रचना अशी असते कीं, एका आंसावरील एक चाक अधांतरीं किंवा निसरड्यावर आलें म्हणजें तेंच गरगर फिरूं लागतें व दुसऱ्यास जोर पोंचत नाहीं. त्यास कुलूप असेल तरच हा दोष जातो, आणि जुन्या जीपींत तें क्वचितच आढळतें. मात्र ज्यांची वरकस जमीन डोंगरउतारावर आहे, आंब्याचीं कलमें आहेत, मुरमाच्या चढावरून खत व पेट्या न्याव्या लागतात, त्यांस ही गाडी खरोखर उपयोगीं पडते. आमच्या भाच्याची दीड एकर वरकस चिरनेरच्या बाजूस आहे, म्हणून तर आम्ही निघालों.

नांवावर मात्र जाऊं नये. महिंद्रांची थार २०१० सालीं निघाली व २०२० त नव्या रूपांत आली. परंतु दोन्ही पिढ्यांत मागील दोनच चाकांस जोर देणारे प्रकारही विकले गेले आहेत. मारुतीची जिप्सी १९८५ पासून तीन तपांहून थोडा कमी काळ चालली; तीस पेट्रोल लागतें व आतां ती नवी मिळत नाहीं. तेव्हां गिअरच्या दांड्याशेजारीं दुसरा लहान दांडा आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें, व तो नुसता बसविलेला नसून काम करतो याची खात्री करून घ्यावी. ही खात्री डांबरी सडकेवर करूं नये. वळतांना पुढील चाकांस मागल्यांपेक्षां लांब वाट चालावी लागते. दोन्ही आंस एकत्र जोडलेले असतां कठीण जमिनीवर तो फरक कोठेंच निघत नाहीं, व सारा ताण दांतेचक्रांवर येतो. मातीच्या मैदानांत नेऊन, हळू गिअरांत चढ चढवून पाहावा.

आतां गंजाविषयीं, कारण आमच्या किनाऱ्यावर गाडीचें मरण इंजिनाकडून क्वचित् येतें, तें खालून येतें. मिठागरें, खाडी व खारा वारा यांनीं लोखंडावर मिठाचा थर बसतो. मीठ हवेंतील ओल ओढून धरतें, म्हणून पाऊस नसतांही गंज चालूच राहतो. चॅसिसच्या पेटीसारख्या पोकळ तुळयांत शिरलेला गाळ वर्षानुवर्षें तेथेंच बसतो व लोखंड आंतून खातो. बाहेरून कांहींच दिसत नाहीं. आम्ही पाहिलेली तिसरी गाडी लाल रंगाची, इतकी झकपक कीं भाच्यानें मनांतल्या मनांत ती घेऊनही टाकली होती. खालचा भाग नुकताच काळ्या रंगानें रंगविलेला होता. मिस्त्रीनें उकिडवें बसून हातोडीचा दांडा तुळईवर ठोकला. पुढें खणखणीत, मागील पाट्यांच्या कडीपाशीं मात्र मडक्यासारखा बद्द आवाज. त्यानें पेचकस टेंकविला तो सरळ आंत गेला. विकणारा गृहस्थ गप्प झाला. गाडी कांहीं वर्षें होड्या ओढण्याच्या कामावर होती असें त्यानें मग सांगितलें. ताजा काळा रंग दिसला म्हणजे तो कशावर चढविला आहे हें विचारावेंच. ब्रेकच्या नळ्या, पाय ठेवण्याचे पत्रे व दारांच्या बिजागऱ्याही हातानें चांचपाव्या.

इंजिन थंड असतांनाच सुरू करावयास लावावें; आपण येण्यापूर्वीं कोणीं तापवून ठेविलें असल्यास बॉनेटवर हात ठेवतांच कळतें. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल खातें. डिफरन्शिअलचा बोळा सोडवून तेलाचा थेंब बोटावर घ्यावा. तें ताकासारखें दुधाळ दिसल्यास आंत पाणी शिरलें आहे, म्हणजे गाडी पाण्यांत बुडाली होती असें समजावें.

यापुढील भाग आमच्या धंद्याचा. गाडीचें नोंदणीपत्र म्हणजे तिचा सातबाराच होय, आणि तो वाचतांनाही इतर हक्कांचा रकाना आधीं वाचावा. बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला व नमुना ३५ हातीं आल्याखेरीज इसारही देऊं नये. चॅसिसवरील व इंजिनावरील आंकडे नोंदणीपत्राशीं अक्षरशः ताडून पाहावे. घासलेला किंवा पुन्हां ठोकलेला आंकडा दिसल्यास तेथून निघून यावें. हस्तांतरासाठीं नमुने २९ व ३० लागतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमानें, गाडी याच राज्यांत नोंदलेली असल्यास, विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत कळवावयाचें असतें. विम्याचें नांवही १४ दिवसांत बदलण्यासाठीं अर्ज करावा. नुसत्या स्टॅम्पपेपरावर विश्वासून राहणारे आमच्या माहितींत पुष्कळ आहेत. ज्यांची जुनी गाडी विकावयाची आहे त्यांनीं तर विशेष जपावें : नोंद ज्याच्या नांवें तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे. गाडी दुसऱ्याच्या दारीं आणि वॉरंट आपल्या दारीं, असा प्रकार होतो.

परराज्यांतील गाडी स्वस्त दिसते. दिल्लीच्या टापूंत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस २०१५ त हरित न्यायाधिकरणानें मनाई केली व २०१८ त सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली, तेव्हांपासून तिकडील पुष्कळ गाड्या इतर राज्यांत गेल्या. नमुना २८ चा ना-हरकत दाखला आणि आपल्याकडील कर हीं दोन्ही धरल्यावर ती स्वस्ताई कितीशी उरते तें आधीं कागदावर मांडावें. हरियाणांतील मंडी डबवालीच्या धर्तीच्या बांधून घेतलेल्या जीपींवर तरुणांचा फार जीव. परंतु मूळ नोंदणीबरहुकूम नसलेला बदल ५२ व्या कलमाच्या आड येतो. आणि पंधरा वर्षें भरलेल्या गाडीची तपासणी, पर्यावरण कर व पांच-पांच वर्षांनीं फेरनोंदणी हें सारें घेणाऱ्याच्या माथीं बसतें.

हिशेब असा. किंमत सहा लाख धरूं. बँकेंत ठेविली तर शेंकडा सातानें वर्षाचें व्याज ४२,००० रुपये. पांच वर्षांनीं चार लाखांस विकली तर वार्षिक झीज ४०,०००. विमा, टायर व दुरुस्ती मिळून ३५,००० धरले तर एकूण १,१७,००० होतात, डिझेल वेगळें. वाट खरोखर बिकट असते असे दिवस वर्षांतून तीस असतील, तर दिवसास ३,९०० रुपये पडले. तेवढ्यांत भाड्याचा ट्रॅक्टर येऊन जाईल. तीच गाडी बाजार, कलमांची ने-आण, मुलांची शाळा यांसाठीं तीनशें दिवस फिरली तर दिवसास ३९० पडतात. ज्याच्या घरीं दुसरी मोटार आहे त्यानें पहिला आंकडा धरावा. हा हिशेब आम्ही भाच्यापुढें ठेवला तेव्हां तो दोन दिवस बोलला नाहीं. मग त्यानें घरची जुनी मोटार काढून टाकण्याचें ठरविलें.

पांचवी गाडी घाटमाथ्यावरील एका शिक्षकाची होती. रंग उडालेला, आसनें फाटलेलीं, परंतु तुळया साऱ्या खणखणीत. दोन टायर झिजलेले होते, त्यांबद्दल वीस हजार उतरवून घेतले. आतां खाडीकडे जाऊन आल्यावर भाचा ती खालून गोड्या पाण्यानें धुतो, तुळयांच्या भोकांतून पाण्याची नळी घालून गाळ बाहेर काढतो, आणि महिन्यांतून एकदां मातीच्या वाटेवर चारी चाकें जोडून कांहीं अंतर चालवितो, म्हणजे तेल सर्वत्र फिरतें. पनवेलच्या परिवहन कार्यालयाकडून नोंदणीपत्र त्याच्या नांवें होऊन आलें तें आम्ही स्वतः आंकडान् आंकडा ताडून पाहिलें.