ब्रेक दाबला होता की नव्हता?

विजेवर धावणारी मोटार धडकते. चालक शपथेवर सांगतो, ब्रेक लागलाच नाही. कंपनी म्हणते, मोटारीच्या पोटातली नोंद वेगळंच सांगतेय. अशा वेळी खरं-खोटं करायचं कुणी? आणि कशाच्या आधारावर?

१९ एप्रिल, २०२१. शांघायच्या आंतरराष्ट्रीय मोटार प्रदर्शनाचा पहिलाच दिवस. जगभरचे पत्रकार, कॅमेरे, झगमगाट... आणि त्या गर्दीत अमेरिकेच्या 'टेस्ला' कंपनीच्या दालनात एक तरुणी चक्क प्रदर्शनातल्या मोटारीच्या टपावर चढली! अंगातल्या पांढऱ्या टी-शर्टवर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं : 'ब्रेक निकामी'. तेच शब्द ती घसा फोडून ओरडत होती. सुरक्षारक्षकांनी तिला हातापायांना धरून उचलून बाहेर नेलं. पोलिसांनी पाच दिवस कोठडीत ठेवलं. पण तोवर तिची चित्रफीत चीनभर पोचली होती.

ही बाई काही भांडखोर म्हणून आलेली नव्हती. ती हनान प्रांतातली टेस्ला मोटारीची मालकीण. फेब्रुवारी २०२१मध्ये तिचे वडील तिची 'मॉडेल थ्री' चालवत होते. घरची माणसं गाडीत होती. आन्यांग शहराजवळ ही गाडी पुढच्या दोन मोटारींना धडकून अखेर सिमेंटच्या कठड्यावर आदळली. आई-वडिलांना इस्पितळात न्यावं लागलं. वडील म्हणाले, ब्रेक लागला नाही. वाहतूक पोलिसांनी मात्र पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर न ठेवल्याचा ठपका वडिलांवरच ठेवला. मुलीनं कंपनीचे उंबरठे झिजवले, विक्री केंद्रासमोर फलक लावून, मोटारीवर बसून, कर्णा हातात घेऊन निदर्शनं केली. दाद लागेना म्हणून तिनं शांघाय गाठलं.

कंपनीचा पहिला सूर ताठ होता. अवाजवी मागण्यांपुढे झुकणार नाही, असं सांगण्यात आलं. पण सरकारी वृत्तसंस्थेनंही कान उपटल्यावर दुसऱ्याच दिवशी रात्री माफीनामा आला. मग बाजार नियंत्रण खात्यानं हुकूम सोडला : अपघातापूर्वीच्या अर्ध्या तासाची सगळी नोंद मालकिणीला द्या.

आकडे बोलू लागले

२२ एप्रिलला कंपनीनं ती नोंद एका सरकारी वृत्तपत्रामार्फत जाहीर केली. शेवटच्या खेपेला ब्रेकवर पाय पडला तेव्हा मोटारीचा वेग होता ताशी ११८.५ किलोमीटर. पुढच्या २.७ सेकंदांत ब्रेकच्या तेलाचा दाब ४५.९ बारपर्यंतच चढला. मग पाय आणखी खोल गेला, दाब ९२.७ बार झाला. त्यानंतर मोटारीची स्वतःची आपत्कालीन ब्रेक यंत्रणा जागी झाली आणि दाब १४०.७ बारवर पोचला. धडकेच्या क्षणी वेग होता ४८.५ किलोमीटर. त्या अर्ध्या तासात चालकानं चाळीसहून अधिक वेळा ब्रेक वापरला होता, असंही कंपनीनं सांगितलं.

म्हणजे ब्रेक चालत होता, वेग सत्तर किलोमीटरनं कमी झाला, मामला संपला! कंपनीचं म्हणणं असं. पण जरा थांबू या. ताशी ११८ किलोमीटरच्या वेगानं मोटार एका सेकंदात ३३ मीटर अंतर कापते. ते पहिले पावणेतीन सेकंद सर्वांत मोलाचे. तेवढ्या वेळात दाब कमी का राहिला? चालकाचा पाय हलका पडला, असं त्याचं एक उत्तर. पाय जोरात पडला, पण त्याला बळ पुरवणाऱ्या यंत्रणेनं उशीर केला, हे दुसरं. तेलाच्या दाबाचा आकडा एकटा या दोहोंत निवाडा करू शकत नाही. पेडल किती खोल गेलं, किती जोरानं गेलं, तेही सोबत पाहायला हवं. शिवाय ज्याच्यावर संशय आहे, त्याच्याच दप्तरातून पुरावा निघतोय, ही अडचण आहेच. मालकिणीच्या घरच्यांनी तर उलट आमची खासगी माहिती जगजाहीर का केलीत, असाच सवाल केला.

सायकलचा डायनामो आठवा

विजेच्या मोटारीचा ब्रेक पेट्रोलच्या मोटारीपेक्षा वेगळा कसा? पूर्वी सायकलला डायनामो असायचा. चाकाला टेकवला की दिवा लागायचा, पण पायडल मारायला जड जायचं. विजेच्या मोटारीत नेमकं हेच होतं. वेग देणाऱ्या पेडलवरून पाय उचलला की मोटर उलटं काम करू लागते, वीज तयार करून बॅटरीत परत भरते आणि त्या ओढीनं गाडी मंदावते. नेहमीचे डिस्क ब्रेक असतातच, पण शहरात त्यांना फारसं काम उरत नाही.

सोय मोठी, इंधनाची बचत मोठी. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असली किंवा कडाक्याच्या थंडीत गारठलेली असली, की ती वीज घ्यायला तयार नसते. मग ही ओढ कमी मिळते. रोज जिथं पाय उचलताच गाडी मंदावायची, तिथं ती घरंगळत पुढे जाते आणि चालकाच्या पोटात गोळा येतो. खड्ड्यावरून किंवा ओल्या रस्त्यावर चाक घसरलं, तर संगणक मोटरची ओढ सोडून डिस्क ब्रेककडे काम सोपवतो. हा हस्तांतराचा क्षण नीट साधला नाही, तर गाडी क्षणभर पुढे झेपावल्यासारखी वाटते.

दुसरा धोका सवयीचा. एकाच पेडलवर गाडी चालवणं आणि थांबवणं शक्य झालं, की उजवा पाय तासन् तास त्याच पेडलवर मुक्काम ठोकतो. अचानक कुणी आडवं आलं की पाय सवयीनं आहे तिथंच दाबला जातो. विजेच्या मोटरला तर जोर पकडायला उसंतही लागत नाही!

पाय फसवतो तेव्हा

'मी ब्रेकच दाबला होता' असं सांगणारा प्रत्येक चालक खोटारडा असतो का? मुळीच नाही. त्याला मनापासून तसंच वाटत असतं. पाय चुकीच्या पेडलवर असतो, गाडी थांबत नाही म्हणून तो आणखी जोरानं दाबतो, गाडी आणखी उसळते. या सगळ्याला काही सेकंदच लागतात.

अमेरिकेत १९८६मध्ये 'ऑडी ५०००' या मोटारीवर असाच आरोप झाला. दूरदर्शनवरच्या गाजलेल्या '६० मिनिट्स' कार्यक्रमानं तो घराघरांत नेला, कंपनीची विक्री गडगडली. १९८९मध्ये सरकारी अहवाल आला, तेव्हा बहुतेक प्रकरणांत दोष निघाला पेडलच्या गफलतीचा. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय 'पार्क'मधून गिअर हलत नाही, ही आज सर्वत्र दिसणारी सोय त्याच वादानंतर रुळली. टेस्लाबाबतही २४६ तक्रारींची छाननी करून अमेरिकी रस्ते सुरक्षा खात्यानं जानेवारी २०२१मध्ये असाच निष्कर्ष काढला होता.

आणि दक्षिण कोरियातलं १ जुलै, २०२४चं प्रकरण तर कुणाही तपास अधिकाऱ्यानं अभ्यासावं असं. सोलच्या नगरभवनाजवळ एक मोटार उलट्या दिशेनं सुसाट जाऊन पादचाऱ्यांत घुसली, नऊ जण ठार झाले. मोटार पेट्रोलची, चालक अडुसष्ट वर्षांचा. गाडी आपोआप उसळली, असं तो सांगत राहिला. न्यायवैद्यक तज्ज्ञांनी त्याच्या बुटाचा तळवा तपासला. त्यावर वेग देणाऱ्या पेडलचा ठसा उमटलेला होता!

यंत्र फसवतं तेव्हा

मग प्रत्येक वेळी चालकच दोषी मानायचा? तसं मानणाऱ्यांनी २०१०चा फेब्रुवारी आठवावा. जपानमध्ये 'टोयोटा प्रियस' या पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या मोटारीच्या मालकांच्या तक्रारी येऊ लागल्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर ब्रेक क्षणभर पकडतच नाही म्हणत होते लोक. हा चालकाला वाटण्याचा प्रश्न आहे, अशा आशयाचं उत्तर कंपनीकडून मिळालं. पुढच्या काही दिवसांतच कंपनीनं जगभरातून चार लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. दोष होता ब्रेक चालवणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीत. लोकांना वाटत होतं, ते खरंच होतं.

२०१८मध्ये अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक नियतकालिकानं 'मॉडेल थ्री'ची चाचणी घेतली. ताशी ९६ किलोमीटर वेगावरून थांबायला गाडीला ४६ मीटर लागले. हे अंतर फार जास्त आहे, असं त्यांनी छापलं. कंपनीनं काय करावं? इंटरनेटवरून गाडीत नवी आज्ञावली पाठवली. मेकॅनिक नाही, पाना नाही, गाडी गॅरेजमध्ये नेणं नाही. पुढच्या चाचणीत तीच गाडी साडेचाळीस मीटरच्या आसपास थांबली. कौतुक करावं की काळजी? मला विचाराल तर थोडं दोन्ही. बसल्या जागी ब्रेक सुधारता येतो, याचा अर्थ बसल्या जागी तो बिघडूही शकतो. शिवाय अपघाताच्या दिवशी गाडीत कोणती आज्ञावली होती, हा नवाच प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

चीनमध्येही गोष्ट तिथंच थांबली नाही. २०२२पासून नव्या प्रवासी मोटारींत धडकेपूर्वीच्या क्षणांची नोंद ठेवणारी पेटी सक्तीची झाली. मे २०२३मध्ये तिथल्या नियंत्रकांनी टेस्लाच्या अकरा लाखांहून अधिक गाड्यांची दुरुस्ती जाहीर केली. पाय उचलल्यावर मिळणारी ओढ किती असावी, हे चालकाला निवडता यावं आणि पेडल बराच वेळ खोल दाबून धरलं तर गाडीनं सूचना द्यावी, असे ते बदल. ब्रेक नादुरुस्त आहेत, असं कुणी म्हटलं नाही. मात्र पाय चुकायला गाडीची रचनाही हातभार लावते, एवढं त्यातून दिसलंच.

टपावर चढलेल्या त्या बाईचं काय झालं? कंपनीनं तिच्यावर बदनामीचा दावा लावला. २०२४मध्ये शांघायच्या न्यायालयानं निकाल दिला : कंपनीची जाहीर माफी मागा आणि सुमारे एक लाख बहात्तर हजार युआन भरपाई द्या. आपल्या पैशांत जवळपास वीस लाख रुपये.

आपल्या दारात

टेस्लानं जुलै २०२५मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात दालन उघडलं. देशी कंपन्यांच्या विजेच्या मोटारी तर त्याआधीपासून इंदूरपासून बंगळूरपर्यंत रस्तोरस्ती दिसतात. तेव्हा ही वेळ उद्या तुमच्या-आमच्यावरही येऊ शकते.

गाडी घेतल्यावर पहिल्याच रविवारी रिकामा रस्ता गाठा आणि ब्रेक पूर्ण जोरानं दाबून पाहा. आणीबाणीत पेडल कसं थरथरतं, गाडी किती अंतरात थांबते, हे पायाला माहीत हवं. घरातले सगळे चालक यात आले, काकाही आणि नुकताच परवाना मिळालेला चिरंजीवही. क्वचित वापरामुळे डिस्कवर गंज चढतो, ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं. म्हणून विजेच्या गाडीला देखभाल नसते, या विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर विसंबू नका. आणि चालत्या गाडीत ब्रेकला बळ देणारी यंत्रणा खरोखरच बंद पडली, तर पेडल दगडासारखं घट्ट होतं. अशा वेळी पाय न सोडता सारा भार टाकून दाबत राहायचं. बहुतेक गाड्यांत पेडलचा तेलाच्या ब्रेकशी थेट संबंध राखलेला असतो, गाडी उशिरा का होईना, थांबते.

धडक झालीच, तर माणसांना बाहेर काढा, ११२ क्रमांक फिरवा. पंचनाम्यात 'ब्रेक लागला नाही' हे तुमचे शब्द जसेच्या तसे लिहिले जातील, इकडे लक्ष द्या. मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो, त्याच्या अहवालाची प्रत मागून घ्या. विमा कंपनीचा सर्वेक्षक आणि हा निरीक्षक पाहून जाण्याआधी गाडी दुरुस्तीला सोडू नका. त्याच दिवशी कंपनीला आणि विक्रेत्याला लेखी कळवा : अपघाताची तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, गाडीतली आणि कंपनीकडची सगळी नोंद जपून ठेवा, आज्ञावलीची माहिती द्या. तोंडी मागितलेलं पुढे 'मिळालंच नाही' ठरतं.

२०१९चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष मालाची जबाबदारी उत्पादकावर टाकतो. पन्नास लाखांपर्यंत किंमत मोजली असेल तर जिल्हा आयोगाकडे जायचं, मुदत दोन वर्षांची, वकील लागतोच असं नाही. दोष तपासणीविना कळत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, ती मागणी अर्जातच करा. सुरुवातीला सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ११०-अ कलमामुळे एप्रिल २०२१पासून केंद्र सरकार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. त्यासाठी तक्रारींची संख्या लागते. म्हणून तुमचा अपघात किरकोळ असला, माणूस सुखरूप असला, तरी तक्रार नोंदवा.

आणि हो, त्या दिवशी पायात असलेले बूट-चपला धुऊन टाकू नका. कागदी पिशवीत घालून, वर तारीख लिहून बाजूला ठेवा.