अपलोड दाबल्यावर आर्डुइनोत काय होतं?

आर्डुइनो उनो यूएसबी केबलनं संगणकाला जोडला, अपलोडचं बटण दाबलं, की बोर्डावरचे दोन छोटे दिवे क्षणभर लुकलुकतात आणि प्रोग्रॅम चालू होतो. मग सीरियल मॉनिटर उघडावा, तर तोच बोर्ड त्याच केबलवरून तापमानाचे आकडे पाठवायला लागतो. प्रोग्रॅम आत शिरतो ती वाट आणि बोलण्याची वाट एकच आहे. बोर्ड अडून बसतो तेव्हाची निम्मी कारणं इथेच सापडतात.

बोर्डावरच्या मुख्य चिपला, म्हणजे एटीमेगा३२८पीला, यूएसबी मुळात कळतच नाही. तिला कळते ती साधी सीरियल: पाठवायला एक तार, घ्यायला एक, आणि दोन्हीकडचं ग्राउंड जोडलेलं. यूएसबीचं सीरियल करून द्यायला शेजारी दुसरी चिप असते. मूळ उनोवर ती एटीमेगा१६यू२ असते. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच३४०.

आता तारेवर काय घडतं ते पाहू. कुणी बोलत नसताना तार ५ व्होल्टवर असते. 'ए' हे अक्षर पाठवायचं आहे असं धरा. त्याचा क्रमांक ६५, बायनरीत ०१०००००१. आधी तार शून्यावर येते; हा स्टार्ट बिट. मग आठ बिट उलट्या क्रमानं, शेवटचा आधी: १, ०, ०, ०, ०, ०, १, ०. शेवटी तार पुन्हा वर जाते. हा स्टॉप बिट. एका अक्षराला असे दहा बिट लागतात, म्हणून ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगानं, सेकंदाला ९६० अक्षरं जातात आणि एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो.

या तारांसोबत घड्याळाची वेगळी तार नाही. मग बिट कुठे संपला हे घेणाऱ्याला कळतं कसं? तार खाली आली की तो स्वतःच्या घड्याळानं मोजायला लागतो. आर्डुइनोत चिप एका बिटचे आठ भाग पाडते, मधल्या तीन भागांत तार वर आहे की खाली ते पाहते, आणि तिघांपैकी दोघांचं मत ग्राह्य धरते. पुढचा स्टार्ट बिट आला की मोजणी पहिल्यापासून. त्यामुळे दोन घड्याळांतला फरक दहा बिटांपुरताच साचतो, आणि थोडी चूक खपून जाते. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर ११५२०० बॉड नेमका बसतच नाही. जवळात जवळचा आकडा ११७६४७, म्हणजे दोन टक्के जास्त. तरी काम चालतं. पण प्रोग्रॅममध्ये ९६०० आणि मॉनिटरवर ११५२०० असेल, तर पडद्यावर चित्रविचित्र चिन्हांचा पाऊस पडणारच.

अपलोडची गंमत वेगळी आहे. संगणक पोर्ट उघडतो तेव्हा डीटीआर नावाची एक रेषा खाली खेचली जाते. ती १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेट पिनला जोडलेली असल्यामुळे तिथे फक्त एक झटका पोचतो आणि चिप नव्यानं सुरू होते. सुरू होताच ती आधी तुमच्या प्रोग्रॅमकडे नाही, तर फ्लॅश मेमरीच्या शेवटच्या ५१२ बाइटांत बसलेल्या बूटलोडरकडे जाते. (३२ केबी मेमरी असूनही कंपायलर कमाल ३२२५६ बाइट सांगतो, ते याचमुळे.) बूटलोडर साधारण सेकंदभर कान देऊन बसतो. तेवढ्यात संगणकाकडून ४८ आणि ३२ हे दोन बाइट आले, की तो २० आणि १६ असं उत्तर देतो. ओळख पटली, की संगणक चिपचा प्रकार तपासतो आणि १२८-१२८ बाइटांची पानं पाठवत जातो. शेवटी सगळं परत वाचून ताडून पाहतो. सेकंदात कुणी बोललंच नाही, तर बूटलोडर बाजूला होतो आणि जुनाच प्रोग्रॅम चालू होतो.

म्हणूनच ० आणि १ नंबरच्या पिनांना ब्लूटूथ मॉड्यूल जोडलेलं असताना अपलोड होत नाही. त्याची पाठवायची तार रिकाम्या वेळीही वरच असते. यूएसबीची चिप त्याच पिनला एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून जोडलेली, त्यामुळे तिचा जोर कमी पडतो. अपलोड करताना 'नॉट इन सिंक' ही एरर दिसली, की ड्रायव्हर बदलत बसण्याआधी त्या दोन तारा काढाव्यात. मॉनिटर उघडला की बोर्डावरची मोजणी शून्यापासून का सुरू होते, याचंही उत्तर डीटीआरमध्येच आहे. ते टाळायचं असेल तर रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात. अपलोडच्या वेळी मात्र तो काढावा लागतो.

बोलणं सुरू झाल्यावर त्रास देतात ते बफर, म्हणजे बाइट तात्पुरते साठवायच्या जागा, आणि नवख्यांना तेच सगळ्यात उशिरा सुचतं. पाठवायचा आणि घ्यायचा असे दोन्ही बफर ६४ बाइटांचे. लूपच्या प्रत्येक फेरीत ४० अक्षरांची ओळ छापली, तर ओळ संपवणारे दोन बाइट धरून ९६०० बॉडवर तिला जवळजवळ ४४ मिलिसेकंद लागतात. बफर भरला, की प्रिंटची आज्ञा जागा होईपर्यंत तिथेच थांबून राहते. लूपची गती मग सेन्सर नाही, सीरियल ठरवते. ११५२०० बॉडवर तीच ओळ चार मिलिसेकंदांच्या आत जाते. घेताना उलट होतं. प्रोग्रॅम सेकंदभर डिलेमध्ये अडकला आणि तेवढ्यात संगणकानं दोनशे अक्षरं पाठवली, तर बफरात मावतील तेवढी राहतात. बाकीची कुठलीही तक्रार न करता नाहीशी होतात. आणि मॉनिटरमधून '१' पाठवल्यावर प्रोग्रॅमला ४९ दिसतात, कारण तारेवरून आकडा जात नाही, अक्षराचा क्रमांक जातो.