भंडाऱ्याचं पाणी – लेखांक ४ : आता पाळीवर चढा

गेल्या आठवड्यात आपण अंभोऱ्याच्या संगमावर होतो. वैनगंगेचं ते विशाल पात्र आणि गोसीखुर्दचा फुगवटा पाहून बहुतेक पाहुणे थेट नागपूरची वाट धरतात. माझा आग्रह आहे, इतक्यात परतू नका. महामार्गाने लाखनी, साकोलीकडे निघा. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा का म्हणतात, ते तिकडच्या गावांत गेल्यावर कळतं.

यातले बहुतेक तलाव माणसांनी बांधलेले आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने हे काम केलं. जमीन उंचसखल, खाली जुना कठीण खडक, विहिरींना पाणी बेताचं आणि पीक धानाचं. सप्टेंबरात पावसाने ओढ दिली, तर ऐन लोंबी धरायच्या वेळी बांधीतलं पाणी आटतं. त्या दिवसांसाठी पाणी राखायचं म्हणून हा सारा खटाटोप.

म्हणून काठावरून नुसता फोटो काढू नका, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर चढा. आधी येवा कुठून येतो ते पाहा; पाणी देणारा उतार बहुधा जंगलाचा असतो. मग तुडूम शोधा. पाळीला लागून असलेल्या या बांधकामात खालीवर भोकं असतात. पाणी उतरेल तसं खालचं भोक मोकळं करायचं, म्हणजे वरचं पाणी आधी शेताला जातं. पाळीच्या टोकाला सलंग, म्हणजे जादा पाणी सोडायची वाट. वरच्या तलावाचा सलंग वाहिला की ते पाणी खालच्या तलावात उतरतं. इतकं पाहिलंत, तर अख्ख्या गावाची शेती समजते.

१९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी गेली आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून ते माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव. मालकी बदलली, पण गाळ काढणं आणि पाळ राखणं मागे पडलं, याचं मला फार वाईट वाटतं. कित्येक तलावांच्या काठी बेशरम ही झुडपी वनस्पती माजली आहे. ती वाढली की पाणवनस्पती हटतात आणि मासळी घटते. त्याची झळ थेट मासेमार ढिवरांच्या चुलीला बसते. शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर महिलांनी पाण्यात उतरून ही बेशरम उपटली आणि देशी वनस्पती लावल्या. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत खरं तर हे छापायला हवं.

जायचं ते नोव्हेंबर ते जानेवारीत. साकोली तालुक्यातल्या शिवनीबांधवर तेव्हा स्थलांतरित बदकं उतरतात. दुर्बीण असेल तर घ्या आणि पहाटेच पोहोचा. तुमसर तालुक्यातला चांदपूर तलाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. त्याला वेगळा दिवस द्या. जाळं टाकलेलं दिसलं तर लांबूनच पाहा, पाण्यात खडे टाकू नका. मासळी घ्यायची असेल तर काठावरच ढिवराला विचारा. मरळ मिळाली तर सोडू नका.

पुढच्या आठवड्यात पवनीचे घाट.