समुद्रावरील तेलाचें कोठार

मूल येथें समुद्राची गोष्ट काढली म्हणजे घरांतील वडील मंडळी थोडें हसतात. भोंवतीं जंगल, भाताचीं शेतें आणि मालगुजारी तलाव; समुद्र कोठें व आपण कोठें! परंतु शेतावरील पंपास जें डिझेल लागतें, त्याचें मूळ तेल कांहीं अंशीं समुद्राच्या तळाखालून येतें, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच.

फेब्रुवारी १९७४ मध्यें ‘सागर सम्राट’ या वेधनमंचानें मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर तेल शोधलें. १९७६ मध्यें उत्पादन सुरू झालें. तेथें पाणी सुमारें ७५ मीटरच खोल, म्हणून पोलादी खांब तळाशीं रोवून मंच उभारतां आले. कृष्णा-गोदावरीच्या मुखापुढें मात्र हजार मीटरांहून खोल जागा आहेत. तेथें खांब कोठवर उतरवावयाचे? सप्टेंबर २००८ मध्यें तेथें सुमारें १२०० मीटर पाण्यावर एक जहाजच कारखाना व कोठार म्हणून कामास लागलें. जानेवारी २०२४ पासून काकिनाड्यासमोरील दुसऱ्या एका क्षेत्राचें तेलही अशाच जहाजांत येऊं लागलें.

विहिरींतून नळ्यांवाटे आलेलें तेल, वायु व पाणी जहाजावर वेगळीं करतात; तेल पोटांतील टाक्यांत सांठतें व दुसरें जहाज तें घेऊन जातें. ऐकावयास सोपें! पण अर्धी घागर डचमळते, हें पाणवठ्यावरील मुलीसही सांगावें लागत नाहीं. टाकी अर्धी असतां तेल एका कुशीस धांवतें व जहाज कलंडूं पाहतें. म्हणून पोटांत उभ्या भिंती घालून टाक्या लहान करतात, आणि तेल उपसतांना निराळ्या टाक्यांत समुद्राचें पाणी घेऊन तोल राखतात.

खरी कसोटी नांगराची. जहाज लाटांस आडवें राहिलें तर सारा मार कुशीवर बसतो. यास्तव एक मोठा दंडगोल साखळ्यांनीं तळाशीं जखडतात, व खळ्यांतील मेढीभोंवतीं बैल फिरावा तसें जहाज त्याभोंवतीं फिरून वाऱ्याकडे तोंड करतें. नळ्याही त्या दंडगोलांतूनच वर येतात; नाहींतर त्यांस पीळ पडेल.

१७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ वादळांत मुंबईपुढील तेलक्षेत्रांत ‘पी-३०५’ हा कामगारांच्या निवासाचा तराफा नांगर तुटून वाहवला व बुडाला. २६१ माणसांपैकीं सत्तरांहून अधिक गेलीं. बाकीचीं बहुतेक नौदलानें खवळलेल्या समुद्रांतून काढलीं. तो तेलाचें कोठार नव्हता, परंतु त्या बातमीनें आमच्या घरींही त्या रात्रीं कोणास जेवण गोड लागलें नाहीं.

कांहीं जहाजांत वादळाची वर्दी मिळतांच दंडगोलापासून सुटून निघून जाण्याची सोय असते. सुटलें तर तेल थांबतें, म्हणून तें केव्हां सोडावयाचें हें मात्र वारा सुटण्यापूर्वींच ठरवावें लागतें.