लाटेवरची पहिली फळी



मुळगावात राहणारा माझा भाचा गेल्या आठवड्यात माझ्याकडे आला. पहिल्या वर्षाच्या पगारातून त्याने थोडे पैसे बाजूला टाकले होते. म्हणाला, "मामा, वेकसर्फिंगची फळी घेणार आहे, स्किम जातीची. नवशिक्याने कोणती घ्यावी ते सांगा." मी विचारले, "आणि बोट कोणाची?" तो उत्तरला, "मोरजीच्या मित्राची होडी आहे. मागे इंजिन लावलेली." मुळगावची केळबाय आणि मोरजीची मोरजाय या बहिणी, अशी आपली श्रद्धा आहे. तेव्हा डिचोलीच्या पोराला पेडण्याच्या पाण्याची ओढ लागावी, यात नवल नाही. परंतु त्याचे उत्तर ऐकून फळीची गोष्ट मला क्षणभर बाजूला ठेवावी लागली.

वेक म्हणजे चालत्या बोटीमागे उठणारी लाट. बोट ताशी सुमारे 16 ते 19 किलोमीटर वेगाने चालते. स्वार प्रथम दोरी धरून उभा राहतो आणि लाटेचा रेटा मिळू लागला की दोरी सोडून देतो. मग तो केवळ लाटेच्या उतारावर घसरत राहतो. ही लाट बोटीच्या अगदी मागे उभी असते. म्हणून स्वारही बोटीपासून अवघ्या दोन-तीन मीटरांवर असतो.

आता होडीचे इंजिन कोठे असते, ते आठवा. मागच्या कडेवर! त्याचा पंखा स्वाराच्या समोरच फिरत असतो. तोल गेला आणि स्वार पुढे फेकला गेला, तर तो थेट पंख्याकडे जातो. या खेळाला लागते ती बोट वेगळी. तिचे इंजिन पोटात असते आणि पंखा तळाखाली, मागच्या कडेच्या पुष्कळ आत. काही नव्या बोटींत पंखा पुढे तोंड करून बसवलेला असतो, तोही चालतो. मागे टांगलेल्या इंजिनाच्या बोटीमागे मात्र हा खेळ कधीही करू नये. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड बोटीच्या मागेच साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून इंजिन चालू असता मागच्या फळकुटावर बसून राहू नये. अंगात जीवरक्षक जाकीट असावे, बोटीत चालकाखेरीज स्वारावर नजर ठेवणारा दुसरा माणूस असावा, आणि दोरी हाताला गुंडाळू नये.

हे सारे सांभाळता येत असेल, तर फळीकडे वळू.

वेकसर्फिंगच्या फळ्यांच्या दोन जाती आहेत. सर्फ जातीची फळी जाड असते आणि तिच्या तळाला मोठे पर असतात. ती लाट घट्ट धरून वेगाने पळते. स्किम जात आली ती वाळूवरून. ओहोटीच्या ओल्या वाळूवर पाण्याचा पातळ थर असतो. त्यावर पातळ फळी टाकून धावत चढायचे, हा तो मूळ खेळ. कॅलिफोर्नियातील लगुना बीच येथे 1920 च्या दशकात जीवरक्षकांनी तो सुरू केल्याचे सांगतात. बोटीमागची स्किम फळी त्याच वळणाची, म्हणजे साधारण पाऊण ते एक इंच जाड असते. तिला पर नसतात किंवा छोटासा एकच असतो. ती सहज गिरक्या घेते, आणि तितक्याच सहज पायाखालून निसटते. गुण आणि दोष एकाच ठिकाणी आहेत, हे ध्यानात घेतले की निवड सोपी होते.

पहिली कसोटी वजनाची. उंची पाहू नये, वजन पाहावे. फळी लहान पडली तर ती लाटेत मागे राहते आणि स्वार वारंवार दोरी मागतो. 70 किलोच्या आसपासच्या नवशिक्याला साधारण 4.5 फुटांची फळी ठीक पडते. निर्मात्याच्या तक्त्यात आपले वजन वरच्या टोकाला येत असेल, तर एक माप मोठे घ्यावे.

दुसरी कसोटी पराची. काढता-घालता येणारा पर असलेलीच फळी घ्यावी. आरंभी पर लावला की फळी सरळ चालते. तोल बसल्यावर तो काढून गिरकी शिकता येते. पुढे दुसरी फळी घ्यावी लागत नाही.

तिसरी कसोटी आकाराची. शेपटीकडे रुंद असलेल्या फळीला लाटेचा रेटा अधिक मिळतो. तळ फार वाकलेला नसावा, कारण वाक वाढला की वेग घटतो. पण पुढचे टोक थोडे उचललेले हवे, नाहीतर फळी पाण्यात नाक खुपसते.

चौथी कसोटी बांधणीची. साच्यात दाबून केलेली फळी थोडी जड असते, पण ठोकर सोसते. हाताने काचतंतू चढवलेली फळी हलकी आणि चपळ असते, पण तिला लवकर तडा जातो आणि तड्यातून पाणी आत शिरते. नवशिक्याचे हात आणि बोटीची कड यांची गाठ वारंवार पडते, म्हणून पहिली फळी साच्यातलीच बरी. पायाखाली फोमची खरबरीत गादी असावी. मेण आपल्या उन्हात वितळते. आणि कोणतीही फळी उन्हात बंद मोटारीत ठेवू नये, तिचे थर सुटतात.

पाण्याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. या खेळात लाट मुद्दाम मोठी केली जाते. त्यासाठी बोटीत वजन भरतात. ती लाट काठापर्यंत जाते. शापोरा काय, मांडवी काय, आपल्या नद्यांच्या काठी खाजणांचे मातीचे बांध आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ते गावकऱ्यांनी राखले आहेत. अशा लाटा बांधावर आदळत राहिल्या तर माती सुटते, आणि बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते. एकाच्या तासाभराच्या मौजेसाठी दुसऱ्याचे भात जाऊ नये. म्हणून हा खेळ रुंद आणि खोल पाण्यात, काठापासून दूर, आणि परवानगी असेल तेथेच करावा. मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर सागरी कासवे अंडी घालण्यास येतात, तेथेही हाच विवेक हवा.

हे सर्व ऐकून भाचा हिरमुसला. "मग पैसे तसेच ठेवू?" असे त्याने विचारले. मी म्हटले, "निम्मे ठेव." पावसाळा सोडून, ओहोटीच्या वेळी, मांद्र्याच्या वाळूवर साधी वाळूची स्किम फळी घेऊन त्याने उतरावे, असे आमचे ठरले. तेथे बोट नको, इंजिन नको. ओली वाळू कठीण असते, म्हणून पडताना हात ताठ टेकू नये, एवढेच त्याला सांगितले. पुढचा पाय कोणता, वजन कोठे टाकायचे, फळी निसटते तेव्हा गुडघे कसे वाकवायचे, हे वाळू फुकट शिकवते. योग्य बोट मिळेल त्या दिवशी तिच्यावरची फळी आधी उसनी घेऊन पाहावी आणि मग उरलेल्या पैशांना हात घालावा.

जाताना दारातून वळून तो म्हणाला, "मामा, मित्रालाही सांगतो, त्याच्या होडीमागे कोणी लोंबकळू नये म्हणून." माझे सांगणे वाया गेले नाही, याची खूण मला तेथे पटली.